एका जर्मन कोटाचा निकाल

फोन वाजला आणि नंबर ओळखीचा नसला की आता मला धडकीच भरते. कुणाच्या तरी माळ्यावर जर्मन कोट सापडलेला असतो. "मास्तर, एकदम अस्सल हाय, तुमी फकस्त बगा," असं पलीकडून सुरू होतं आणि मग फोटो येतात. फोटोत बहुतेक वेळा बँडवाल्याचा कोट असतो, नाहीतर कुठल्या तरी जुन्या हॉटेलातल्या दरवानाचा. मी सांगतो, बाबांनो, हा लग्नात पिपाणी वाजवणाऱ्याचा आहे. त्यांना राग येतो. एकानं तर मला सुनावलं की तुम्हाला स्वतःला लाटायचा असेल म्हणून खोटा म्हणताय. मी फोन ठेवला आणि तासभर मशीनवर बसलोच नाही. हल्ली भांडायलासुद्धा अंगात त्राण नसतं.

अंबाजोगाईत माझं शिवणकामाचं दुकान आहे. आयुष्यभर पोलिसांचे, होमगार्डचे आणि कॉलेजच्या शिपायांचे गणवेश शिवले. तरुणपणी हैदराबादहून एक भंगारवाला चिंध्यांचे गठ्ठे आणायचा. मशीन पुसायला मी त्यातून घेत असे. एका गठ्ठ्यात एक करडा-हिरवा लोकरी कोट निघाला. बाहेरून अगदी गेलेला होता. सवयीनं उलटा करून बघितला आणि दुकानात तसाच बसून राहिलो. आतलं अस्तर, खिशाच्या कोपऱ्यांचे टाके, बगलेतली जोड, कुठं घाई नाही की कुठं लपवाछपवी नाही. कुणाचा कोट ते कळायलाच मला दोन वर्षं गेली. पत्रं लिहिली, जुनी पुस्तकं मागवली, पुढं मोबाइल आला तसा त्यावर बघत गेलो. आता माझ्याकडं सात जर्मन गणवेश आहेत. बायको त्या लोखंडी कपाटाला भुतांचं कपाट म्हणते आणि त्याच्याकडं पाठ करून झोपते.

तिचं चूक आहे असं नाही. ते कपडे घालून माणसांनी काय काय केलं ते मी वाचलेलं आहे. वाचून दोन दोन दिवस जेवण गेलं नाही. तरी कोट टाकून देववत नाहीत, कारण माझ्यासारखाच कुणी तरी शिंपी मान मोडून बसला होता त्याच्यावर. हे कुणाला समजावून सांगायला जावं तर समोरचा छातीवरचा गरुड बघतो, त्याच्या पायातलं चिन्ह बघतो आणि म्हणतो, हे तर आपलं स्वस्तिक, शुभ आहे की. मग मी गप्प बसतो. किती जणांना सांगायचं?

खरा-खोटा ओळखायचं काम तसं शिंप्याचंच आहे. आत शाईचे शिक्के असतात, गळा, पाठ, छाती, उंची, बाही अशी पाच मापं. ती खोटी छापता येतात, पण कोट आणि मापं एकमेकांशी जुळवणं खोटं करणाऱ्याच्या जिवावर येतं, तिथं तो सापडतो. चहाच्या पाण्यात उकळून कापड म्हातारं करतात, पण शिवणीच्या आतला पदर तरुणच राहतो. सगळ्यात खात्रीचा धागा. एक तंतू काढायचा आणि काडी लावायची. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख होते. नवा नायलॉनचा असेल तर वितळून गोळी होते. ही परीक्षा मला कुठल्या पुस्तकानं शिकवली नाही, ती मी पोरवयात दुकानात शिकलो. पुढं मोटारीच्या एसीतला गॅस कुठं गळतो ते शोधायची जांभळी टॉर्च एका मेकॅनिक दोस्तानं मला दिली. अंधारात मारली की नवे धागे चमकतात आणि जुने मुके राहतात. काडी लावायची तर कोटाचा धागा तोडावा लागतो, टॉर्चनं काही तोडावं लागत नाही. मला ती फारच आवडली. दुकानाचं शटर ओढायचं, टॉर्च मारायची आणि निकाल द्यायचा.

गेल्या श्रावणात एक म्हातारा दुकानात आला. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली, डोक्याला गुलाबी पटका, खांद्यावर घोंगडं. दिंद्रुडच्या पुढं त्याची वस्ती, मेंढरं पाळणारं घर. पिशवीतून त्यानं धुतलेल्या धोतरात गुंडाळलेलं काही तरी काढलं. त्या आठवड्यात माझ्याकडं तीन खोटे कोट येऊन गेले होते, गुडघा ठणकत होता आणि जेवायची वेळ टळून गेली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण त्या दिवशी मी कसा होतो ते सांगायला पाहिजे.

त्यानं कोट मांडला. वाळवंटात लढणाऱ्या जर्मनांचा सुती कोट होता तो, मुळात हिरवट, आता उन्हानं पांढुरका पडलेला. छातीवर उजवीकडं गरुड. दोन्ही बाह्यांना चार बोटांवर दुमडीची रेघ होती, वर्षानुवर्षं दुमडून घातल्याची.

"मपल्या बापाचा हाय," म्हातारा म्हणाला. "नगरकडं मेंढरं घेऊन गेलता, तिकडंच पलटणीत भरती झाला. रेतीच्या मुलखात लढाई केली म्हंत व्हता. धरलेल्या जर्मनाकून ह्यो कोट घेतला, त्येला बदल्यात घोंगडं दिलं. राच्चं लई गारठा पडायचा म्हणं तिकडं."

"बरं," मी म्हणालो.

"गावानं कदी खरं मानलं न्हाई. म्हणायचे, ह्यो मुंबईला पळून गेलता, गोदीत हमाली केली आन् चोरबाजारातून कोट आणला. जर्मन म्हणून हाका मारायचे त्येला. पोरं पाठीमागं लागायची."

मी मान हलवली. अशा गोष्टी सगळ्यांच्याच कोटामागं असतात.

"म्या सुदीक मानलं न्हाई, मास्तर." तो कोटाकडं बघत बोलत होता. "मपलं नवं लगीन झालतं. पारावर बसून त्यो लढाईचं सांगत व्हता आन् लोक हसत व्हते. मला लाज वाटली. उठलो आन् समद्यांदेखत म्हणलो, बास कर आता, लबाडा. त्येच्यानंतर बाप अठरा वर्सं जगला. लढाईचा एक सबूद काढला न्हाई त्यानं. कोट घातला न्हाई."

बाहेर कुणी तरी मोटारसायकल सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. म्हातारा ते थांबेपर्यंत थांबला.

"आता मपलं बी वय झालं. तकडं गेल्यावर त्यो भेटल. कोट खरा निगाला तर पाप मपलं, खोटा निगाला तर त्येचं. तुमी तेवढं सांगा." मग तो म्हणाला, "खरा निगावा असं वाटतंय. पाप मपलंच निगावं."

मी शिक्के बघितले, धुऊन धुऊन पुसट झालेले. पाचांतली दोनच मापं वाचता येत होती. बटणं शिवलेली नव्हती, आतल्या कडीनं अडकवलेली, बरोबर होती. काम चांगलं वाटलं, पण चांगली नक्कल मी पाहिलेली होती. मी शटर अर्धं ओढलं, मग पूर्ण ओढलं, आणि टॉर्च मारली. कोटाचं अंग जरासं निळसर चमकलं. ते धुण्याच्या पावडरीचं असतं, त्यानं मी फसत नाही. पण गरुडावर आलो तर गरुड पेटला. त्याच्या भोवतीचा टाका न् टाका पिवळा-हिरवा झळकला.

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर तेच वाटलं, की चला, सुटलं एकदाचं. शटर वर केलं आणि सांगितलं, "बाबा, हे नव्या धाग्याचं काम आहे. गरुड मागाहून लावलेला आहे. कोट खोटा आहे."

"धागा काढून बगता का? काडा की. माझी ना न्हाई."

"गरज नाही."

"आमच्यात दसऱ्याला त्येची पूजा व्हती वो," तो म्हणाला. हे तो का सांगतोय ते मला कळलं नाही. मी म्हणालो, पूजा करा की, कोण नको म्हणतंय. त्यानं कोट परत धोतरात गुंडाळला. घाई न करता, कोपऱ्याला कोपरा लावून. "मंग मी बराबर बोललो व्हतो पारावर," एवढंच म्हणाला आणि पायरी उतरून गेला. मी डबा उघडला.

दसरा झाल्यानंतरची गोष्ट. पोलिसाची पँट बेतताना कात्री बोटाला लागली. बायकोनं चिमूटभर हळद दाबून वर चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी लातूरहून एकानं पाठवलेली टोपी आली. शटर ओढलं, टॉर्च मारली. टोपीकडं बघायचं राहूनच गेलं. माझं बोट पेटलं होतं, पिवळं-हिरवं. चिंधीच्या कडेला, नखात, जिथं जिथं हळद लागली होती तिथं तिथं. हाच रंग मी म्हाताऱ्याच्या गरुडावर बघितला होता.

मी टॉर्च बंद केली आणि तसाच अंधारात बसलो. म्हातारा दुकानात उभा राहून काय सांगत होता ते आता डोक्यात शिरलं. दसऱ्याला कोयता, मेंढरं कातरायची कात्री आणि बापाचा कोट एकत्र मांडत असतील. त्यांच्या लेखी छातीवरचं चिन्ह म्हणजे स्वस्तिक. मग हळदीकुंकू दुसरं कुठं लावणार? वर्षानुवर्षं तिथंच लागलं असेल, धुतलं गेलं असेल, उन्हानं डोळ्याला दिसेनासं झालं असेल. ज्या समजुतीला मी आयुष्यभर कंटाळलो, तीच समजूत त्याच्या घरातही असणार, हे माझ्याच डोक्यात आलं नाही. आणि आयुष्यभर काडीनं धागा जाळून बघणारा मी, समोरचा माणूस धागा काढा म्हणत असताना गरज नाही म्हणालो होतो.

तरी खात्री केली. एका चिंधीला हळद लावली, तीनदा धुतली, चार दिवस गच्चीवर उन्हात टाकली. डोळ्याला काही दिसेना. टॉर्च मारली की दिसे, फिक्कं, पण दिसे. बायकोला सगळं सांगितलं.

"मग जा की सांगायला," ती म्हणाली. "बसलात काय?"

"गुडघा दुखतोय. एवढ्या लांब एसटीनं जायचं म्हणजे..."

"त्याला खोटं म्हणताना दुखला नाही का?"

तरी मी आणखी आठ दिवस घालवले. एकदा वाटलं, म्हाताऱ्याला आता बरं वाटत असेल, पाप बापाचं निघालं म्हणून. कशाला ढवळायचं? मग पारावरचं त्याचं बोलणं आठवायचं आणि हातातली शिवण वाकडी जायची. शेवटी एक दिवस दुकान बंद ठेवलं आणि धारूरचा घाट उतरून दिंद्रुडला गेलो. वस्तीवर पोचेपर्यंत दुपार झाली.

म्हातारा अंगणात बाजेवर बसून लोकर निवडत होता. मला बघून उठला नाही. त्याच्या म्हातारीनं पाणी आणून दिलं. दाराशी वेताचं मोठं डालगं पालथं घातलं होतं, आत नुकती जन्मलेली कोकरं, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून डालग्यावर तो कोट टाकलेला. एका बाहीवर लेंड्या होत्या. सात कोट नॅप्थलीनच्या गोळ्या घालून जपणारा माणूस मी.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हणालो. "कोट खरा असावा. एक धागा काढू द्या."

मी स्वतःच कोट उचलला, झटकला, गरुडाच्या मागच्या बाजूनं एक टाका सोडवला आणि तंतू चिमटीत धरून काडी ओढली. कागदाचा वास आला. राख माझ्या तळहातावर पडली, ती फुंकरीनं उडाली. गोळी झाली नाही. मग बगलेतला धागा जाळला. तोही तसाच. शिवणीच्या आतला पदर उलटून बघितला, बाहेरच्याइतकाच म्हातारा होता आणि आत अजून मूळचा हिरवा रंग शिल्लक होता. हे सगळं मी श्रावणातच करायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम.

"दसऱ्याची हळद चमकली होती," मी सांगितलं. "मला वाटलं नवा धागा. कोट अस्सल आहे. तुमचे वडील खरं बोलत होते."

म्हातारी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. म्हातारा लोकरीतले काटे काढत राहिला.

"यंदाच्या दसऱ्याला कोट मांडला न्हाई," तो म्हणाला. "आन् पितरात त्येचं पान वाढलं न्हाई."

मला आधी नीट समजलं नाही.

"दर साल पंधरवड्यात वाढतो. आज्याचं, आजीचं, मायचं आन् त्येचं. यंदा म्हणलं, ह्यो लबाड, जलमभर मला मान खाली घालायला लावली, न्हाई वाढत. तीनच पानं वाढली." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "उपाशी गेला असल वो त्यो."

मग त्यानं विचारलं, आखितीपर्यंत जगंल का मी, मास्तर? आखितीलाही पितरांना जेवू घालतात, अक्षय तृतीयेला, वैशाखात. मध्ये अख्खा हिवाळा होता. मी म्हणालो, जगाल की. हे मी कशाच्या आधारावर सांगितलं देव जाणे. निघताना म्हातारीनं चुलीवरचा चहा दिला आणि माझा नंबर मागून घेतला. कोट तिनं डालग्यावरून काढून आत नेला आणि कोकरांवर घोंगडं टाकलं.

हिवाळाभर मी त्यांच्या फोनची वाट बघत होतो आणि फोन येऊ नये असंही वाटत होतं. बाकीच्यांचे फोन घेणं बंद केलं. कपाट उघडलं नाही. बायकोनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, कंटाळा आलाय. कशाचा ते सांगता आलं नाही.

आखितीच्या आदल्या दिवशी फोन आला. म्हातारी होती. "उद्या सकाळच्या पारी या म्हंतेत," म्हणाली आणि ठेवून दिला.

गेलो. ऊन असं की एसटीच्या दांडीला हात लावता येईना. वस्तीवर अंगण सारवलेलं, नवं मडकं पाण्यानं भरून ठेवलेलं. म्हातारा बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगात कोट होता. त्या उन्हात. हिवाळ्यानं तो पार वाळला होता, कोट त्याच्या अंगावर लोंबत होता. पण बाह्या त्यानं बापाच्या जुन्या रेघेवर दुमडल्या होत्या आणि तिथं त्या बरोबर मनगटावर बसल्या होत्या. माप घेऊन दुमडल्यासारख्या. बाप-लेकाचे हात सारखे असणार.

म्हातारीनं हळद-कुंकवाचं तबक आणलं आणि गरुडावर बोट टेकवलं. ओली हळद कापडावर ओघळली. कोट ओला करू नये, त्याला काही लावू नये, हे मी आजपर्यंत शेकडो माणसांना सांगितलं आहे. टॉर्च माझ्या खिशात होती. मी काहीच बोललो नाही.

आत चार पानं मांडली होती. पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी. चौथ्या पानावर दोन पोळ्या जास्त होत्या, मागच्या राहिलेल्या. म्हाताऱ्यानं हातात पाणी घेऊन चारी पानांभोवती फिरवलं. चौथ्यापाशी तो बसला तो बसलाच. ओठ हलत होते. मग डोळे पुसून त्यानं तांब्या माझ्यापुढं केला.

"तुमी बी फिरवा, मास्तर."

"मी? मी तर तुमच्या घरचा नाही, बाबा."

"घरचे नसाल. पर लबाड तर तुमी बी म्हणलाव त्येला."

गुडघा मोडून मी खाली बसलो. थोडं पाणी पानावर सांडलं. चौथ्या पानाभोवती पाणी फिरवलं आणि हळूच म्हणालो, चुकलो.

"जरा मोठ्यानं म्हणा," म्हातारा म्हणाला. "श्येवटी श्येवटी त्येला कमी ऐकू यायचं."

मी मोठ्यानं म्हणालो.